भूमितीय फेज आणि चुंबकीय मोनोपोल: खानदेशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले एम.एस्सी.चे विद्यार्थी आणि कॉलेजात शिकवणारे हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. एकदा सांगितलेली गोष्ट परत न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पाठ्यपुस्तकात जिला 'कला' म्हणतात तिला इथे 'फेज' म्हटलं आहे, कारण वर्गात सगळे तेच म्हणतात.

१. भाऊ, हाई बेरी फेज म्हंजे नेमकं काय शे?

एखादी क्वांटम प्रणाली एका ठरावीक ऊर्जापातळीवर बसली आहे असं धरा. बाहेरून आपण एक गोष्ट, समजा चुंबकीय क्षेत्राची दिशा, हळूहळू फिरवत नेतो आणि शेवटी होती तिथेच आणून ठेवतो. प्रणाली त्याच पातळीवर राहते, पण तिच्या वेव्हफंक्शनला (प्रणालीची अवस्था सांगणाऱ्या तरंगफलाला) एक फेज चिकटलेली असते. या फेजचे दोन भाग पडतात. पहिला भाग ऊर्जा आणि वेळ यांच्या हिशेबाचा. तो घड्याळासारखा चालतो, जितका वेळ घ्याल तितका वाढतो. त्याला डायनॅमिक फेज म्हणतात. दुसऱ्या भागाला वेळेशी देणंघेणं नाही. फेरी एका सेकंदात झाली की एका मिनिटात, तो तेवढाच राहतो. क्षेत्राची दिशा कोणत्या वाटेने फिरली, एवढ्यावरच तो ठरतो. हीच भूमितीय फेज. ब्रिस्टलच्या मायकेल बेरी यांनी १९८४ मध्ये ती सर्वसाधारण रूपात मांडली, म्हणून बेरी फेज.

२. पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) १९२६ च्या सुमाराला उभी राहिली. मग ही फेज १९८४ पर्यंत कुणाला दिसली कशी नाही?

ती नजरेसमोर होती, पण 'पुसून टाकता येते' म्हणून बाजूला ठेवली गेली. प्रत्येक क्षणी आयगेनस्टेटची (ठरावीक ऊर्जापातळीच्या अवस्थेची) फेज कोणती धरायची हे आपल्या हातात असतं. १९२८ मध्ये फोक यांनी दाखवलं की ही निवड योग्य केली तर डायनॅमिक फेजव्यतिरिक्त उरलेला भाग शून्य करता येतो. उघड्या वाटेसाठी हे बरोबरच आहे. वाट बंद असली की मात्र सुरुवातीची आणि शेवटची निवड एकच असावी लागते, आणि मग तो भाग कितीही निवडी बदलल्या तरी जात नाही.

तुरळक ठिकाणी तो आधी सापडलाही होता. रेणूंच्या अभ्यासात हर्झबर्ग आणि लाँगे-हिगिन्स यांनी १९६३ मध्ये वेव्हफंक्शनचं चिन्ह उलटतं हे सांगितलं. आणि त्याही आधी, १९५६ मध्ये, बंगळुरूला विशीतल्या एस. पंचरत्नम यांनी ध्रुवीकृत प्रकाशाच्या व्यतिकरणात (दोन तरंग एकमेकांवर पडून उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात त्यात) नेमकी हीच फेज काढली होती. १९८६ मध्ये रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी हे नातं दाखवून दिलं आणि १९८७ मध्ये बेरी यांनी ते मोकळेपणाने मान्य केलं. पंचरत्नम १९६९ मध्येच गेले. वर्गात बेरींचं नाव घेताना त्यांचं नाव घेणं हे आपलं कर्तव्य आहे.

३. गणिताशिवाय हे डोळ्यांनी बघता येईल का?

येईल. तापीच्या पात्रातलं एक गोल, पट्ट्यांचं टरबूज आणि एक टूथपिक पुरते. देठ वर ठेवा. देठापासून खाली जाणारे पट्टे हे रेखांश, मधला घेर म्हणजे विषुववृत्त.

टूथपिक मधल्या घेरावर एका पट्ट्यावर, पट्ट्याच्याच दिशेत, सपाट टेकवा, टोक देठाकडे. आता ती सालीला चिकटवून, स्वतःभोवती जराही न वळवता, पट्ट्यावरून देठापर्यंत सरकवा. देठापासून काटकोनातल्या दुसऱ्या पट्ट्यावरून खाली उतरा. टूथपिक वळवायची नाही, म्हणजे उतरताना ती पट्ट्याला आडवी राहील. मधल्या घेरावर आलात की घेरावरूनच मूळ जागी परत या. निघताना टोक देठाकडे होतं, आता ते घेराच्या दिशेत आहे. कुठेही न वळवता ९० अंश वळलं.

हे ९० अंश कुठून आले? आपण टरबुजाच्या पृष्ठभागाचा आठवा भाग वेढला. पूर्ण गोलाचा घनकोन, म्हणजे केंद्रातून दिसणारा पृष्ठभागाचा पसारा, ४ पाय (π), त्याचा आठवा भाग पाय भागिले २, म्हणजेच ९० अंश. वळण बरोबर वेढलेल्या घनकोनाएवढं. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका वाक्यावर उभी आहेत.

इथे बहुतेकांची एकच चूक होते. देठापाशी दिशा बदलताना हाताबरोबर टूथपिकही फिरते. देठावर क्षणभर थांबा, टूथपिक सोडा, फक्त हाताची जागा बदला.

४. फुकोचा लंबक जळगावात टांगला तर तो किती फिरेल? त्याचा इथे काय संबंध?

फुकोचा लंबक म्हणजे लांब तारेला टांगलेला जड गोळा, ज्याचं झुलण्याचं प्रतल पृथ्वीच्या फिरण्यामुळे हळूहळू वळतं. थेट संबंध आहे. लंबक स्वतः जागीच असतो, पण पृथ्वी त्याला दिवसभरात अक्षांशाच्या वर्तुळावरून एक फेरी घडवते, आणि त्याचं दोलनाचं प्रतल टूथपिकसारखं वागतं.

जळगावचा अक्षांश सुमारे २१ अंश. साइन २१ म्हणजे ०.३५८. प्रतल ताशी १५ × ०.३५८ म्हणजे ५.४ अंश, दिवसाला १२९ अंश घड्याळाच्या दिशेने वळतं. पूर्ण चक्राला सुमारे ६७ तास लागतात. आता घनकोन काढा. या अक्षांशाच्या उत्तरेकडची टोपी २ पाय × (१ − ०.३५८), म्हणजे अंशांत २३१. घड्याळाच्या उलट २३१ अंश वळणं आणि घड्याळाच्या दिशेने १२९ अंश वळणं एकच, कारण दोन्हींची बेरीज ३६० आहे. नंदुरबार थोडं उत्तरेला आहे, तिथे दिवसाला १३१ अंशांच्या आसपास येईल.

कॉलेजच्या जिन्यात प्रयोग केला आणि उत्तर भलतंच आलं, अशी तक्रार नेहमी येते. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. लंबक सरळ रेषेत न झुलता बारीक लंबवर्तुळात झुलतो, आणि ते लंबवर्तुळ स्वतःच फिरतं. लांबी १० मीटर, एका बाजूचा झोका अर्धा मीटर आणि लंबवर्तुळाची छोटी अर्धी बाजू फक्त १ सेंटिमीटर असली तरी ताशी ३.८ अंशांचं खोटं वळण मिसळतं. खरं वळण ५.४ आहे हे लक्षात घेतलं की चूक किती मोठी ते कळेल. म्हणून गोळा हाताने सोडायचा नाही. तो सुती दोऱ्याने बाजूला ओढून बांधायचा, पूर्ण थांबू द्यायचा आणि दोरा जाळायचा. तार लांब आणि झोका लहान ठेवला तरी ही चूक झपाट्याने कमी होते.

५. स्पिन-अर्ध कणासाठी सूत्र काय? एखादं उदाहरण आकड्यांत द्या.

स्पिन म्हणजे कणाचा अंगचा कोनीय संवेग; इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन हे स्पिन-अर्ध कण. चुंबकीय क्षेत्राची दिशा एका शंकूवरून फिरवली आणि शंकूचा अर्धकोन थीटा असेल, तर वेढलेला घनकोन २ पाय × (१ − कॉस थीटा). क्षेत्राच्या दिशेने असलेल्या स्पिनची भूमितीय फेज या घनकोनाच्या निम्मी आणि उणे. विरुद्ध दिशेच्या स्पिनची तेवढीच, पण अधिक.

थीटा ६० अंश घ्या. कॉस ०.५, घनकोन पाय, फेज उणे ९० अंश. थीटा ९० अंश, म्हणजे क्षेत्र सपाट प्रतलात गोल फिरलं, तर घनकोन २ पाय आणि फेज १८० अंश, म्हणजे वेव्हफंक्शनचं चिन्हच उलटलं. स्पिन १ असेल तर 'निम्मी' हा शब्द जातो, फेज पूर्ण घनकोनाएवढी. चिन्ह फेरीच्या दिशेवर आणि पुस्तकाच्या संकेतावर ठरतं. दोन पुस्तकांत उलट चिन्ह दिसलं तर आधी फेरीची दिशा तपासा.

६. 'हळू' म्हणजे किती हळू?

दोन पातळ्यांमधली वारंवारता फेरीच्या वारंवारतेपेक्षा पुष्कळ जास्त हवी. १ टेस्ला क्षेत्रात प्रोटॉनची वारंवारता ४२.५८ मेगाहर्ट्झ असते. क्षेत्र सेकंदाला हजार वेळा फिरवलं तरी गुणोत्तर ४२ हजारांचं आहे, म्हणजे निर्धास्त हळू. हाच प्रोटॉन पृथ्वीच्या, सुमारे ४५ मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात असेल तर वारंवारता जेमतेम १.९ किलोहर्ट्झ. तिथे सेकंदाला हजार फेऱ्या म्हणजे घाईच, आणि स्पिन मागे पडेल. सेकंद किती लागले हे पाहू नका, हे गुणोत्तर पाहा. घाईच्या फेरीचं काय होतं ते प्रश्न १५ मध्ये.

७. डायनॅमिक फेज हजारो पटींनी मोठी असते. तिच्यातून भूमितीय फेज वेगळी कशी काढायची?

स्पिन-एकोच्या युक्तीने. स्पिन वर आणि खाली अशा मिश्र अवस्थेत ठेवा आणि क्षेत्र एका दिशेने पूर्ण फिरवा. मग १८० अंशांचा पल्स देऊन वर-खालीची अदलाबदल करा. आता क्षेत्र तेवढ्याच वेळात उलट्या दिशेने फिरवा. डायनॅमिक फेज दुसऱ्या फेरीत पहिलीला पुसते. भूमितीय फेजचं चिन्ह मात्र दोनदा उलटतं, एकदा स्पिनमुळे आणि एकदा दिशेमुळे, म्हणून ती दुप्पट होते. अट अशी की दोन्ही फेऱ्यांत क्षेत्राचं परिमाण सारखं हवं. दुसऱ्या फेरीत विद्युतधारा जराशी घसरली की डायनॅमिक फेज पूर्ण पुसली जात नाही, आणि तो उरलेला तुकडा भूमितीय म्हणून मोजला जातो.

८. या सगळ्यात मोनोपोल कुठून आला?

क्षेत्राचे तीन घटक हे तीन अक्ष माना. या काल्पनिक अवकाशातला प्रत्येक बिंदू म्हणजे क्षेत्राची एक मांडणी. बेरींनी काढलं की भूमितीय फेज म्हणजे या अवकाशात वाटेने वेढलेल्या पृष्ठभागातून जाणारा एक 'फ्लक्स', म्हणजे त्यातून जाणाऱ्या बलरेषांचं एकूण माप. आणि ज्या 'क्षेत्रा'चा हा फ्लक्स आहे ते मूळ बिंदूतून सरळ बाहेर पसरतं आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. हुबेहूब एका चुंबकीय एकध्रुवासारखं, म्हणजे एकच ध्रुव असलेल्या मोनोपोलसारखं, ज्याची तीव्रता अर्धा आहे.

मूळ बिंदूवर काय आहे? तिथे क्षेत्र शून्य, म्हणून वर आणि खाली या दोन्ही पातळ्या एकाच ऊर्जेच्या. दोन पातळ्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे हा 'मोनोपोल' बसलेला असतो. फेरी त्या बिंदूपासून कितीही लांबून गेली तरी त्याची छाया तिच्यावर पडते.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून ठळकपणे सांगतो. हा मोनोपोल आपल्या खोलीत कुठेही नाही. तो मांडणीच्या अवकाशात आहे. त्याच्याजवळ होकायंत्र नेता येत नाही.

९. मग खराखुरा चुंबकीय मोनोपोल आहे का? चुंबक कापून मिळेल का?

कापून मिळणार नाही. पट्टीचुंबक कितीही वेळा तोडला तरी प्रत्येक तुकड्याला दोन ध्रुव असतात, कारण चुंबकत्व इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधून आणि फिरण्यातून येतं आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःच एक द्विध्रुव आहे. मुक्त मोनोपोल कण आजवर कुठल्याही प्रयोगात पक्का सापडलेला नाही. मात्र कोणताही माहीत असलेला नियम त्याला मनाई करत नाही. १९७४ मध्ये टॉफ्ट आणि पॉल्याकोव्ह यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की बलांचं एकत्रीकरण करणाऱ्या काही सिद्धांतांत असे मोनोपोल आपोआप तयार होतात. सर्नच्या मोठ्या कणवेगकावर मोएडल नावाचा प्रयोग त्यांच्याच शोधासाठी आहे.

१०. डिरॅकची अट कशी येते? टप्प्याटप्प्याने सांगा.

१९३१ मध्ये पॉल डिरॅक यांनी विचारलं, मोनोपोल असेल तर त्याच्या शेजारचा इलेक्ट्रॉन पुंजयामिकीत सुखाने राहील का?

मोनोपोलभोवती एक गोल कल्पा. गोलावरच्या एका बंद वाटेने इलेक्ट्रॉन नेला तर त्याची फेज = प्रभार × वाटेने वेढलेला फ्लक्स ÷ एच-बार (प्लँकचा स्थिरांक भागिले २ पाय). पण गोलावरची वाट दोन टोप्या वेढते, एक वरची आणि एक खालची. टरबूज कापल्यावर कोणती फोड 'आतली' हे कुठे ठरलेलं असतं? दोन्ही टोप्यांवरून काढलेल्या फेजमधला फरक म्हणजे पूर्ण गोलातून जाणारा सगळा फ्लक्स. निसर्गात इलेक्ट्रॉनला एकच फेज आहे, तेव्हा हा फरक २ पायच्या पूर्ण पटीत असलाच पाहिजे. म्हणून मोनोपोलचा एकूण फ्लक्स हा प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार याच्या पूर्ण पटीत. ही किंमत ४.१४ × १० चा −१५ वा घात, वेबर.

अर्थ असा की विश्वात कुठेही एक जरी मोनोपोल असेल, तर सगळे विद्युतप्रभार एका मापाच्या पटीत का येतात याचं कारण मिळतं. सर्वांत छोट्या मोनोपोलचा प्रभार, गॉसियन एककांत, इलेक्ट्रॉनच्या सुमारे ६८.५ पट निघतो. तेवढ्याच अंतरावर दोन मोनोपोलमधलं बल दोन इलेक्ट्रॉनमधल्या बलाच्या जवळपास ४,७०० पट असेल.

आता प्रश्न ५ कडे वळा. स्पिन-अर्धाची फेज घनकोनाच्या निम्मी, पूर्ण गोलाचा घनकोन ४ पाय, त्याचं निम्मं २ पाय. डिरॅकची अट इथे आपोआप पाळली गेली आहे. प्रश्न ८ मधली 'अर्धा' ही तीव्रता म्हणजे डिरॅकने परवानगी दिलेला सर्वांत छोटा मोनोपोल. दोन्ही गोष्टींच्या तळाशी ४ पाय हा एकच आकडा आहे.

या आकड्याचं आपल्या भागाशी नातं आहे. गोलाचं पृष्ठफळ त्याच्या मधल्या वर्तुळाच्या चौपट, चेंडूभोवतीच्या जाळीसारखं, असं भास्कराचार्यांनी लीलावतीत सांगितलं. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. घनकोन शिकवताना मुलांना तिथे जरूर न्या.

११. मेघनाद साहांचं नाव या विषयात का येतं?

डिरॅकची अट फेजशिवाय, फक्त कोनीय संवेगावरून काढता येते हे साहांनी १९३६ मध्ये दाखवलं म्हणून. एक विद्युतप्रभार आणि एक मोनोपोल शेजारी नुसते ठेवले, दोन्ही स्थिर असले, तरी त्यांच्या मिळून बनलेल्या क्षेत्रात कोनीय संवेग साठतो. जे. जे. थॉमसन यांनी तो आधीच काढला होता. तो दोघांमधल्या अंतरावर अवलंबून नसतो. पुंजयामिकीत कोनीय संवेग एच-बारच्या निम्म्याच्या पटीतच येतो. एवढं लिहिलं की डिरॅकची अट दोन ओळींत हातात येते. परीक्षेत वेळ कमी असेल तर हीच वाट धरा.

१२. आहारानोव्ह-बोम परिणाम हीसुद्धा बेरी फेजच का?

इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राला न शिवता त्याच्याभोवती फिरला तरी त्याला फेज मिळते, तो हा परिणाम. हो, तो बेरी फेजचाच एक खास प्रकार, आणि बेरींनी मूळ निबंधातच हे दाखवलं आहे. फरक असा की नेहमीच्या भूमितीय फेजमध्ये वाट थोडी बदलली की घनकोन बदलतो आणि फेजही बदलते. आहारानोव्ह-बोममध्ये (१९५९) फ्लक्स एका बारीक सॉलेनॉइडमध्ये (तारेच्या लांब वेटोळ्यात) कोंडलेला असतो. वाट कशीही वाकवा, सॉलेनॉइडला एक वेढा पडला की फेज तीच. १९८६ मध्ये तोनोमुरा यांच्या गटाने अतिवाहकाने झाकलेल्या चुंबकीय कड्यावर हे स्वच्छपणे दाखवलं.

डिरॅकने मोनोपोलला जोडलेली अदृश्य 'दोरी' असंच एक सॉलेनॉइड आहे. तिच्यातला फ्लक्स असा की इलेक्ट्रॉनला तिच्याभोवती नेमकी २ पायची फेज मिळते, म्हणजे काहीच मिळत नाही. म्हणून ती दोरी दिसत नाही. १९७५ मध्ये वू आणि यांग यांनी गोलाला दोन टोप्यांत वाटून दोरीची गरजच काढून टाकली.

१३. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजायची असेल तर? आमच्याकडे मायकेलसन व्यतिकरणमापी आहे.

मग तुमच्याकडे जवळजवळ सगळं आहे. त्याखेरीज लागतील एक हेलियम-निऑन लेसर, एक पोलरॉइड आणि ६३२.८ नॅनोमीटरच्या दोन क्वार्टर-वेव्ह प्लेट (ध्रुवीकरणाच्या दोन घटकांत ९० अंशांचा फेज-फरक पाडणाऱ्या), त्यातली एक अंशांच्या चकतीवर फिरणारी.

लेसर चालू करून वीस मिनिटं तापू द्या. पोलरॉइड उभं किंवा आडवं ठेवा, तिरकं नाही. तिरकं ध्रुवीकरण बीमस्प्लिटरवर बिघडतं. प्लेट न लावता पडद्यावर पाच-सहा सरळ पट्टे आणा.

एका भुजेत पहिली प्लेट लावा आणि पट्टे पूर्ण पुसले जाईपर्यंत फिरवा. दोन्ही भुजांचा प्रकाश पडद्यावर येतोय आणि तरी पट्टे नाहीत, याचा अर्थ प्लेट बरोबर ४५ अंशांवर आहे. तिच्यातून जाऊन-येऊन प्रकाशाचं ध्रुवीकरण ९० अंश वळलं म्हणून तो दुसऱ्या भुजेशी व्यतिकरण करत नाही. आता तिच्या आणि आरशाच्या मध्ये दुसरी प्लेट घाला. पट्टे परत येतील. ही दुसरी प्लेट १०-१० अंशांनी फिरवत पट्ट्यांची जागा नोंदवा. प्लेट जितकी फिरेल त्याच्या दुप्पट फेज येते. १० अंशांना पट्टा बरोबर १८ वा भाग सरकेल, ९० अंशांना उजेडाच्या जागी अंधार येईल, १८० अंशांना पूर्ण एक पट्टा सरकेल. या सगळ्यात मार्गाची लांबी केसभरही बदललेली नाही. ध्रुवीकरणाने प्वांकारे गोलावर (ज्याचा प्रत्येक बिंदू म्हणजे ध्रुवीकरणाची एक अवस्था) एक फेरी मारली, तिच्या घनकोनाच्या निम्मी फेज मिळाली.

आता काय बिघडतं ते. बऱ्याच ठिकाणी कपाटातल्या प्लेट सोडियम दिव्यासाठी, ५८९.३ नॅनोमीटरच्या असतात. लाल लेसरला त्या ९० ऐवजी ८४ अंशांच्या आसपास फेज देतात. पहिल्या प्लेटच्या पायरीला पट्टे पूर्ण पुसले जात नाहीत तेव्हा हेच कारण असतं. दुसरी प्लेट फिरवताना पट्टे फिके-गडद होत असतील तर पहिली प्लेट ४५ अंशांवरून हलली आहे. पट्टे सरकतात पण आकडा जुळत नाही, तर प्लेटच्या दोन बाजू समांतर नाहीत आणि किरणच हलतोय. खरं-खोटं करायची पक्की कसोटी आहे: पहिली प्लेट ९० अंशांनी फिरवा आणि मोजणी पुन्हा करा. भूमितीय फेजचे पट्टे उलट दिशेने सरकतील. तिरक्या काचेमुळे होणारं सरकणं उलटत नाही.

आणि हवा. एप्रिल-मेमध्ये पंखा सुरू ठेवून हे मोजता येत नाही, पंखा बंद केला तर खोलीत उभं राहवत नाही. सकाळी सातच्या आत करा, रस्त्यावरची अवजड वाहतूकही तेव्हा कमी असते.

१४. '२००९ मध्ये मोनोपोल सापडले', 'प्रयोगशाळेत मोनोपोल बनवला' अशा बातम्या खोट्या होत्या का?

प्रयोग खरे, मथळे फसवे. डिस्प्रोशियम टायटनेटसारख्या 'स्पिन-आइस' स्फटिकांत, एक केल्व्हिनच्या आसपासच्या थंडीत, स्पिनची मांडणी बिघडलेल्या जागा सुट्या मोनोपोलसारख्या फिरतात. कास्तेलनोवो, मॉस्नर आणि सोंधी यांनी हे २००८ मध्ये सांगितलं, २००९ मध्ये न्यूट्रॉनच्या प्रयोगांत त्याचा पुरावा आला. पण तिथे निघणाऱ्या बलरेषा स्पिनच्या साखळीतून दुसऱ्या टोकाला परत जातात. एकूण चुंबकीय फ्लक्स शून्यच राहतो आणि डिरॅकची अट तिथे लागू नाही. २०१४ मध्ये रुबिडियमच्या अतिथंड वायूत डिरॅकच्या मोनोपोलची रचना, दोरीसकट, उभी केली गेली. तिथलं 'चुंबकीय क्षेत्र' मात्र अणूंच्या स्पिनच्या वळणातून बनलेलं, कृत्रिम होतं. प्रश्न ८ च्याच जातीचं.

सर्वांत चटका लावणारी घटना याआधीची आहे. १४ फेब्रुवारी १९८२ रोजी स्टॅनफर्डमध्ये ब्लास काब्रेरा यांच्या चार वेढ्यांच्या अतिवाहक कॉइलमध्ये फ्लक्सने एकदम ८ क्वांटमची उडी घेतली. अतिवाहकाचा फ्लक्स-क्वांटम, म्हणजे फ्लक्सचा सर्वांत छोटा तुकडा, डिरॅकच्या फ्लक्सच्या निम्मा असतो. म्हणजे एक मोनोपोल कॉइलमधून गेला तर एका वेढ्याला दोन, चार वेढ्यांना आठ. आकडा अगदी तंतोतंत. पण त्यानंतर मोठमोठ्या कॉइल लावूनही अशी दुसरी उडी कधी मिळाली नाही, आणि एका घटनेवर शोध जाहीर होत नाही.

१५. फेरी हळू नसेल, किंवा पूर्णच झाली नसेल, तर भूमितीय फेज उरते का?

दोन्ही वेळा उरते, व्याख्या बदलावी लागते. घाईत प्रणाली आयगेनस्टेटवर राहत नाही, पण तिची अवस्था स्वतः फिरून मूळ जागी आली तर त्या अवस्थेच्या वाटेने वेढलेला भाग फेज देतो. हे आहारानोव्ह आणि आनंदन यांनी १९८७ मध्ये मांडलं. फेरी अर्धवट असेल तर पंचरत्नम यांची कसोटी वापरायची: दोन अवस्था एकमेकींवर टाकल्या आणि तीव्रता कमाल आली तर त्या एका फेजमध्ये आहेत. गोलावर याचा अर्थ, सुरुवात आणि शेवट यांना सर्वांत जवळच्या वाटेने जोडून फेरी पुरी करायची. बंगळुरूच्याच सॅम्युअल आणि भंडारी यांनी १९८८ मध्ये हे व्यवस्थित केलं. अपवाद एकच. दोन्ही अवस्था एकमेकींना लंब असतील, म्हणजे गोलावर समोरासमोर, तर सर्वांत जवळची वाट एक नसून अगणित असतात आणि फेज ठरतच नाही. मोजणीत याची खूण म्हणजे पट्टे नाहीसे होतात.

१६. क्वांटम हॉल परिणामातले पूर्णांक इथूनच येतात म्हणतात, ते खरं का?

खरं. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनचा संवेग एका बंद पृष्ठभागावर फिरतो, आणि बंद पृष्ठभागातून जाणारा बेरीचा फ्लक्स २ पायच्या पूर्ण पटीतच असतो. कारण प्रश्न १० मधलंच. ती पट म्हणजे हॉल वाहकतेतला (चुंबकीय क्षेत्रातल्या पातळ थराच्या आडव्या वाहकतेतला) पूर्णांक. थाउलेस आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये, म्हणजे बेरींच्याही आधी, हे सूत्र काढलं. २०१६ च्या नोबेलमध्ये याचा वाटा आहे. नमुना मळका असो की वेडावाकडा, रोध २५,८१२.८ ओहम भागिले पूर्णांक एवढाच येतो.

१७. वाट नेमकी मोनोपोलवरूनच गेली तर?

तिथे दोन पातळ्यांमधलं अंतर शून्य, तेव्हा प्रश्न ६ प्रमाणे कोणताही वेग 'हळू' ठरत नाही. प्रणाली दोन्ही पातळ्यांत विखुरते आणि एकच फेज असं काही उरत नाही. वाट किंचित बाजूने नेली तर उत्तर येतं, पण कोणत्या बाजूने यावर ते ठरतं. सपाट प्रतलातल्या फेरीसाठी बिंदू आत घेतला तर १८० अंश, बाहेर ठेवला तर शून्य.

दोन पातळ्या सगळ्या वाटेवर कायमच एकत्र असतील, तर गोष्ट निराळी. १९८४ मध्येच विल्चेक आणि झी यांनी दाखवलं की तिथे फेजच्या जागी एक मॅट्रिक्स येतं. फेरी संपल्यावर प्रणाली त्या दोन अवस्थांचं वेगळंच मिश्रण होऊन परत येते. मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम महत्त्वाचा. म्हणून आधी पहिली फेरी आणि मग दुसरी, की उलट, यावर प्रणाली कुठे पोचेल ते बदलतं. नुसत्या फेजची बेरीज करून चालत नाही.